वेढण्याचा तपास

नोकरीतली एखादी मोठी केस सांगा असं लोक म्हणतात, तेव्हा मी दरोडा नाहीतर अपहरण सांगून वेळ मारून नेतो. मनातून न गेलेली केस मात्र एकच आहे आणि ती माझ्या नोकरीतली नाहीच. तेव्हा मी निवृत्त झालो होतो. अंगावर वर्दी नव्हती, हद्द माझी नव्हती, देशसुद्धा माझा नव्हता. फिर्याद कुणी दिलेली नव्हती. तरीही तो तपास मी हाती घेतला आणि तडीस नेला. कुणाचंही नाव इथे देणार नाही, कारण मंडळी अजून तिथेच आहेत.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. मुलगी आणि जावई मिशिगनमध्ये नोव्हाय या गावी राहत होते. जावई मोटारींच्या कारखान्यासाठी सॉफ्टवेअर करायचा, मुलगी बँकेत होती. आम्ही नवराबायको त्यांच्याकडे उन्हाळ्यापासून मुक्कामाला होतो. सकाळी दोघं गाड्या काढून गेले की गल्लीत चिटपाखरू नसायचं. उभा जन्म माझा पोलीस ठाण्याच्या गलक्यात गेलेला. पंधरवड्यातच मी इतका चिडचिडा झालो की हिनं जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, यांच्या हातात काहीतरी द्या, नाहीतर मला परत पाठवा.

जावयानं मेटल डिटेक्टर आणून दिला. खाली ताटलीएवढं चाक, वर दांडा, मुठीपाशी छोटा पडदा आणि कानाला लावायला हेडफोन. हे चाक जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवत चालायचं, खाली धातू असेल तर आवाज येतो. तिकडे हा पुष्कळांचा छंद आहे. आधी मला ते पोरखेळ वाटलं. पण बागेत पहिल्याच दिवशी जमिनीतून जुनं नाणं निघालं आणि मी अडकलो ते अडकलोच.

हळूहळू आवाज कळायला लागले. लोखंड घोगरं बोलतं. चांदी आणि तांबं खणखणीत, उंच आवाजात बोलतात. खरी गंमत सोन्याची. पातळ सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची ओढायची कडी जवळजवळ एकाच आवाजात बोलतात, पडद्यावरचा आकडाही तोच. कड्या बागेत जिकडेतिकडे पडलेल्या असतात. म्हणून नवशिके वैतागून यंत्राला तो आवाज गाळायला सांगतात, आणि कड्यांबरोबर सोनंही गाळून बसतात. मी कधीच काही गाळलं नाही. चौकशीला आलेल्या माणसाला मी अर्ध्यात थांबवत नसे, यंत्राला तरी का थांबवू?

सापडलेला प्रत्येक नग धुऊन, कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून मी तळघरातल्या फळीवर मांडून ठेवायचो. नाणी, चमचे, काडतुसाची टोपणं, एक मोडकी खेळण्यातली मोटार. ही त्या फळीला मुद्देमाल कक्ष म्हणायची आणि पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायची.

आता खबर कशी लागली ते सांगतो. आमच्याकडे दर आठवड्याला पोळ्या यायच्या. नागपूरची एक तरुण मुलगी घरी पोळ्या करून द्यायची. नवरा कामाच्या व्हिसावर आणि ती डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे तिला नोकरी करायची परवानगी नाही. हिशेबनीस होण्याइतकं शिकलेली मुलगी घरात बसून पोळ्या लाटत होती. शिवाय दुपारी एका पुणेकर कुटुंबात जाऊन त्यांच्या वृद्ध वडलांना जेवायला वाढायची. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा विधुर, मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात.

एका संध्याकाळी माझी मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "हो, मी पण कॅन्सल केलं." फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय कॅन्सल केलं? ती म्हणाली, पोळ्या. मग खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. आबांच्या बायकोचं सोन्याचं वेढणं, म्हणजे नक्षी नसलेली साधी अंगठी, गायब झालं होतं. घरात बाहेरचं माणूस एकच येतं. सुनेनं दोघी मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी आणखी दोघींना, आणि तिथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांनी पोळ्या बंद केल्या.

"तिनं चोरलं हे कुणी पाहिलं?" मी विचारलं.

"बाबा, प्लीज, तुम्ही यात पडू नका. इथे असं चालत नाही. कुणी पोलिसात गेलेलं नाही, उलट तिच्यासाठी तेच चांगलंय."

ते खरंच होतं आणि त्यातच सगळा पेच होता. पोलीस आले असते तर पहिला प्रश्न झाला असता की ही बाई त्या घरात काय करत होती. कामाचे पैसे घेते म्हटलं की तिचा आणि तिच्या नवऱ्याचा व्हिसा धोक्यात. म्हणजे आळ घेणाऱ्याला पुरावा द्यायची गरज नाही आणि जिच्यावर आळ आला तिला निर्दोष ठरायला कुठे जागा नाही. माझ्या उभ्या नोकरीत इतका एकतर्फी मामला मी बघितला नव्हता. मला संताप आला. मी मुलीला सांगितलं, आधी चोरी झाली का ते बघू, चोर मागाहून. हे मी प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी हिला घेऊन मी त्या मुलीच्या अपार्टमेंटमध्ये गेलो. चौकशीला जाताना बरोबर बाईमाणूस असावं हा नियम मी निवृत्तीनंतरही पाळला. परातीत मळलेली कणीक तशीच पडलेली होती, घेणारं कुणी नव्हतं. नवरा मान खाली घालून बसला होता. परत जाऊ म्हणतोय, असं तो म्हणाला.

मी तिला आबांचा दिवस सकाळपासून विचारत गेलो. ती न अडखळता सांगत होती. खोटं बोलणारा माणूस मोठ्या गोष्टी पाठ करून येतो, बारीकसारीक त्याला आठवत नाही. या मुलीला आबांना भाजीत किती तिखट चालतं ते आठवत होतं, जेवताना कोणत्या नातेवाइकाची कोणती गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात ते आठवत होतं. शेवटी मी वेढण्याचं विचारलं.

"काका, मी ते कधी बघितलंच नाही. आबांकडच्या ताई म्हणतात, रोज घरात येतेस आणि बघितलं नाही असं कसं? आता नाही बघितलं तर काय सांगू मी?"

हेच वाक्य तिच्या अंगाशी आलं होतं. वेढणं घरात होतं हे सगळ्यांना माहीत, मग हिला कसं माहीत नाही, म्हणजे लपवतेय. बाहेर पडल्यावर हिनं विचारलं, काय वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, मला काय वाटतं याला किंमत नाही, वेढणं पाहिजे.

आबांकडे गेलो तो शनिवार होता. सूनबाई चहा देता देता सांगत होत्या की त्यांना कुणावर आरोप करायचा नाही, पण. या 'पण'नंतर पुढं काही आलं नाही, येतही नसतं. मी आबांना म्हटलं, चला, अंगणात बसू. घरच्यांसमोर म्हातारा माणूस खरं बोलत नाही, हा माझा अनुभव आहे.

आबा ताठ होते, शाळेचे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. वेढणं कुठे ठेवत होता, असं विचारल्यावर त्यांनी सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर काढलं. पूर्वी आपल्याकडे पेटीची किल्ली जानव्याला अडकवायची पद्धत होती. तसंच बायको गेल्यावर तिचं वेढणं त्यांनी जानव्याला बांधलं होतं. बोटात येत नव्हतं आणि कपाटात ठेवायला मन होत नव्हतं. पोळ्यांच्या मुलीनं ते का बघितलं नव्हतं ते तिथेच कळलं. जे सदैव सदऱ्याच्या आत, ते वाढणाऱ्या बाईला कसं दिसणार? घरच्यांना माहीत होतं म्हणून जगाला माहीत असणार, असं घरच्यांनी धरलं होतं.

"इथे बांधलेलं होतं," ते गाठीजवळ बोट ठेवून म्हणाले.

माझं लक्ष त्या बोटाकडे नव्हतंच. जानवं अजून पांढरं, जवळजवळ नवंच होतं. अंगावर वर्षभर घातलेलं जानवं घामानं मळकट आणि मऊ पडतं. मी विचारलं, आबा, हे कधी बदललं?

"श्रावणीला. मंडळानं सगळ्यांची एकत्र केली ना, त्या तळ्याकाठच्या पार्कात."

श्रावणी म्हणजे श्रावणात नवं जानवं घालून जुनं काढायचा विधी. जुनं पाण्यात सोडतात.  आबांचा हात जानव्यावर तसाच थांबला होता.

"मी आदल्या दिवशी सोडून देवापुढे ठेवतो. दर वर्षी ठेवतो," ते म्हणाले.

"या वर्षी ठेवलं?"

त्यांनी जानवं सदऱ्याच्या आत सारलं. मग हळू आवाजात म्हणाले, "विसरलो म्हटलं ना साहेब, की हे लोक लगेच डॉक्टरकडे नेतात. मग एकट्याला फिरायला सोडत नाहीत. मी चोरी म्हटलेलंच नव्हतं. मी म्हटलं, सापडत नाही. देवापुढून गेलं, चोरीला गेलं, असं सुनेनं धरलं, आणि मी गप्प राहिलो."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. स्वतःच्या फिरण्यासाठी या माणसानं एका पोरीचं नाव जाऊ दिलं होतं. पण रागावून तपास पुढे सरकत नाही. मी विचारलं, जुनी जानवी तळ्यात सोडली का? आबा म्हणाले, नाही, पार्कच्या माणसानं पाण्यात काही टाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. गुरुजींनी सगळ्यांची जानवी ताम्हनात गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी नदीत सोडली.

नदीत गेलं असेल तर संपलंच. आबांच्या कबुलीवर विसंबून चालणार नव्हतं. सूनबाई म्हणाल्या असत्या, त्यांना हल्ली काही आठवत नाही, आणि लोकांनी तेच धरलं असतं. एकदा पसरलेला आळ नुसत्या 'बहुतेक असं झालं असेल'नं पुसला जात नाही. मला वस्तू हवी होती.

गुरुजी म्हणजे तसे इंजिनिअर. आठवडाभर गाड्यांचे ब्रेक तपासायचे आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसून सत्यनारायण सांगायचे. सज्जन माणूस. आम्ही गेलो तर त्यांच्या बायकोनं उपम्याच्या बश्या पुढे केल्या. मी विचारलं, जानवी कुठे सोडली? नदीत, पुलाखाली, ते म्हणाले. गाडी कुठे लावली होती? जवळच. पाणी किती होतं? बऱ्यापैकी. उत्तरं आखूड येत होती. श्लोक सांगताना हा माणूस पाच मिनिटं थांबत नाही हे मी पाहिलेलं होतं.

"गुरुजी, जानवी टाकली तेव्हा तरंगली की बुडाली?"

"बुडाली की. लगेच बुडाली."

"कोरडा सुती दोरा लगेच बुडत नाही हो. भिजेपर्यंत वर तरंगतो. खरंच जानवी सोडली असती तर तुम्ही काठावर उभं राहून ती वाहत जाताना बघितली असती आणि मला आपणहून सांगितलं असतं."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. गुरुजींनी बशी खाली ठेवली.

"साहेब, नदीवरही फाइनची पाटी आहे. आणि ट्रॅशमध्ये टाकवेना. मी मागे यार्डात पुरली. आता कुणाकुणाची जानवी माझ्या यार्डात पुरली म्हटलं तर लोक काय म्हणतील, म्हणून सांगितलं नदीत सोडली. कुणाचं नुकसान होईल असं वाटलं नव्हतं, यार."

गुरुजींच्या तोंडून 'यार' ऐकून मला हसू आलं, पण मी आवरलं. चोरांपेक्षा सज्जन माणसं जास्त वेळा खोटं बोलतात, आणि बहुतेक वेळा लाजेपायी. चोराचं खोटं शोधायला आपण तयार असतो, सज्जनाचं मात्र कुणी तपासतच नाही.

कुठे पुरली, ते मात्र त्यांना नक्की सांगता येईना. घरामागे, मेपलच्या रोपाजवळ कुठेतरी. त्यानंतर बागकामवाल्यांनी तिथे तयार हिरवळीचे गालिचे आणून अंथरले होते, खूणच उरली नव्हती. गुरुजींनी खणायची परवानगी दिली. तिकडे दुसऱ्याच्या जमिनीत खुरपं घालण्याआधी विचारावं लागतं आणि तो नियम मला पसंत आहे.

रविवारी सकाळी मी यंत्र घेऊन हजर झालो. थंडी पडायला लागली होती, मेपलची पानं लाल झाली होती. यंत्र चालू केलं आणि कानात नुसता कल्लोळ उठला. नवी वसाहत होती. घर बांधणाऱ्यांनी खिळे, तारांचे तुकडे, चांदीचा कागद, कॅनच्या कड्या, सगळं मातीतच लोटून दिलं होतं. गुरुजींनी मागच्या पायऱ्यांवरून विचारलं, हा कचऱ्याचा आवाज बंद करता येत नाही का? मी म्हटलं, येतो, पण मग वेढणंही बंद होईल.

मी मेपलभोवती पट्टे आखले आणि एकेक पट्टा फिरवायला घेतला. संशयित आवाज आला की हिरवळीचा तुकडा तिन्ही बाजूंनी कापून झाकणासारखा उचलायचा, खणायचं, वस्तू काढायची, पुन्हा माती भरून झाकण बसवायचं. कडी. खिळा. कडी. तारेचं वेटोळं. पुन्हा कडी. गुडघे बोलायला लागले. ही दोनदा पाणी घेऊन आली आणि दुसऱ्यांदा म्हणाली, आता पुरे, नाही सापडत. मी म्हटलं, तू घरी जा. ती गेली नाही, तिथेच बाकावर बसून राहिली. त्या परातीतली कणीक तिनंही पाहिली होती.

दुपार कलली तेव्हा कुंपणाजवळ, गुरुजींनी सांगितलेल्या जागेपासून चांगलंच लांब, एक मवाळ आवाज आला. कडीसारखाच, पण दोन्ही बाजूंनी चाक फिरवलं तरी जागा आणि आकडा न बदलणारा. शेजारी खिळा घोगरा ओरडत होता. मी हिरवळ उचलली, खुरप्यानं माती बाजूला केली आणि मातीत मळकट सुताचा गुंता दिसला.

मी हात थांबवला. हिला वाटलं मला काही झालं. मी म्हटलं, मुलीला फोन कर. आबा, त्यांचा मुलगा, सूनबाई, सगळ्यांना बोलाव, आणि त्या पोरीला गाडीतून घेऊन यायला सांग.

सूनबाई आल्या आल्या म्हणाल्या, "तिला कशाला बोलावलंत काका?" मी सांगितलं, ज्याच्यावर आळ, त्याच्या डोळ्यांदेखत मुद्देमाल निघाला पाहिजे. ती येईपर्यंत खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही. सगळे थंडीत उभे राहिले. 

ती नवऱ्याबरोबर आली आणि लांबच उभी राहिली. मी तिला खड्ड्याच्या काठाशी बोलावलं. गुरुजींना आणि माझ्या जावयाला पंच केलं आणि गुरुजींच्या हातानं तो गुंता बाहेर काढवला. सूत बरंचसं कुजलं होतं, बोटांत येऊन तुटत होतं. एका जानव्याची गाठ मात्र शाबूत होती आणि त्या गाठीत मातीनं भरलेलं वेढणं होतं. आबांनी गाठ पाहिली आणि ते म्हणाले, माझीच गाठ. मी बांधलेली. मी सोडायला विसरलो. सगळ्यांसमोर, मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

गुरुजींच्या बायकोनं पाणी ओतलं, तसं सोनं झळकलं. आबांना इतका आनंद झाला की सगळं विसरून ते तळहातावर वेढणं घेऊन थेट त्या मुलीपुढे गेले.

"बघ बाळ, हेच ना?"

तिनं वेढण्याकडे बघितलं.

"मला काय माहीत, आबा? मी ते आजच पहिल्यांदा बघतेय."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती आधीपासून सांगत होती तेच तिनं पुन्हा सांगितलं होतं. आबांचा हात तसाच पुढे राहिला. पदर नव्हता म्हणून सूनबाईंनी तोंडावर हात धरला आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडू दिलं, आणि मग सांगितलं की रडून भागणार नाही. ज्या ज्या घरी फोन केला होता, त्या त्या घरी आत्ता, इथूनच, सर्वांसमोर फोन करा. त्यांनी केले.  "माझी चूक झाली, तिनं घेतलं नव्हतं," असं एवढंच वाक्य त्या प्रत्येक वेळी म्हणत होत्या. आबा शेजारी उभे राहून प्रत्येक फोनवर, "मी विसरलो होतो म्हणावं," अशी पुस्ती जोडत होते.

या केसनं मला काही नवं शिकवलं का? शिकवलं. ठाण्यात असताना मी खोट्याच्या मागे धावलो. इथे मोठं खोटं असं कुणीच बोललं नव्हतं. आबा गप्प बसले, गुरुजींनी लाजेनं एक थाप मारली, सुनेनं तर्क केला, माझ्या मुलीनं एक फोन करून पोळ्या बंद केल्या. प्रत्येकाचा वाटा खिळ्याएवढाच होता आणि एका संसाराला परत जायची पाळी आली होती. यात कायद्यानं गुन्हेगार कुणीच नव्हता. म्हणूनच अशा केसेस कुठल्याही ठाण्यात नोंदल्या जात नाहीत, आणि तपासणारंही कुणी नसतं. जवळ उभ्या असलेल्या माणसालाच कंबर कसावी लागते.

त्या संध्याकाळी माझ्या मुलीनं त्या पोरीला फोन केला. मी वर्तमानपत्र वाचायचं निमित्त करून ऐकत होतो. आधी माफी मागितली, ती चांगली मागितली. मग म्हणाली, आमच्या पोळ्या परत सुरू कर ना, आधीपेक्षा जास्त दे. मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, ताई, सध्या जमणार नाही. तुमच्या घरच्या पोळ्या मला परत सुरू कराव्याशा वाटल्या की मीच फोन करेन."

मुलीचा चेहरा उतरला होता. ही स्वयंपाकघरात गेली आणि परात काढून कणीक मळायला बसली. आम्ही परत निघेपर्यंत तो फोन आला नाही. त्या घरात तेवढे दिवस हिच्या हातच्या पोळ्या झाल्या, आणि मी एकदाही तक्रार केली नाही.